खिडकीपुरतं झाकण

दर आठवड्याला घरात एक औषध यायचं आणि त्याच्यामागून एक डबा कायमचा राहायला यायचा. औषध बोटाएवढं. डबा मात्र लहान मूल मांडी घालून आत बसेल एवढा, पांढराशुभ्र, थर्माकोलचा, जाड भिंतींचा आणि घट्ट झाकणाचा. औषध फोरमनच्या पोटात टोचलं की त्याचं काम संपायचं. डब्याचं काम तिथून सुरू व्हायचं.

सुरुवातीला बाईंना ते डबे आवडले होते. बाई म्हणजे फोरमनची बायको. उभा जन्म शाळेत शिकवण्यात गेला, त्यामुळे निवृत्त झाल्यावरही गल्लीनं त्यांचं ‘बाई’पण काही सोडलं नाही. दूधवाल्यापासून वकिलापर्यंत सगळे बाईच म्हणायचे. हातातली वस्तू फेकून देणं बाईंच्या जिवावर यायचं. पहिल्या डब्यांत त्यांनी माती भरून रोपं लावली. नंतरचे काही वरच्या मजल्यावरच्या शिंपीणकाकूंनी कापडाचे तुकडे ठेवायला नेले. काहींची पोरांनी होडी केली. मग हळूहळू सगळ्यांची गरज भागली, आणि डबे येतच राहिले. बाईंनी भंगारवाल्याला विचारून पाहिलं.

“बाई, ह्याला वजनच नाही,” तो म्हणाला. “तराजू म्हणतो काहीच ठेवलं नाही. मी घेऊ तरी काय?”

फोरमन आतून ओरडले, “देऊ नकोस गं ते! सोनं आहे ते!”

फोरमननी सगळी नोकरी एका शीतगृहात केली होती. फळं, मासळी, लोणी, जे काही गार ठेवायचं ते त्यांच्या ताब्यात. भिंतीतून कुठून गारवा गळतो हे ते तळहात फिरवून सांगायचे. आता मात्र काळ उलटा फिरला होता. सांधे धरले होते, बोटं सुजली होती, आणि जन्मभर ज्या थंडीला त्यांनी कोंडून ठेवलं तीच आता त्यांच्या मागे लागली होती. वाऱ्याची झुळूक आली तरी त्यांच्या मनगटात सुया टोचत. औषधानं चार दिवस बरे जात. आठवडा संपत आला की बोटं पुन्हा लाकूड व्हायची, सदऱ्याची गुंडीसुद्धा बाईंना लावून द्यावी लागायची.

“थंडी आत येत नसते,” ते बाईंना समजावायचे. “ऊब बाहेर पळते. आपण तिला पळू द्यायची नाही.”

तेव्हापासून एकही डबा घराबाहेर गेला नाही. फोरमन बॅटरीला जोडलेल्या तापत्या तारेनं डबे चिरायचे, लोण्यातून सुरी जावी तसे. घरभर जळका, उग्र वास सुटायचा. आधी झोपण्याच्या खोलीची गल्लीकडची भिंत झाली, मग मोरीचा झरोका बुजला, मग स्वयंपाकघराची खिडकी. जोडावर जोड, फटीत डिंक, वर चिकटपट्टी. काम पाहावं तर असं सफाईदार की नाव ठेवायला जागा नाही. पण घर दर आठवड्याला बोटभर लहान होत होतं. बाहेरचे आवाजही कमी कमी होत गेले. आधी सायकलींच्या घंट्या गेल्या, मग शेजारच्यांचं भांडण गेलं. भांडण गेल्याचं बाईंना फार वाईट वाटलं. ऐन रंगात आलं होतं ते.

बाईंना बाहेर पडायला जमत नव्हतं. औषधवाला कोणत्या वेळी येईल याचा नेम नसायचा, आणि घरी माणूस नसलं की तो औषध परत न्यायचा. उरलेल्या दिवशी फोरमनना एकटं राहायची भीती वाटायची. त्यांनी तसं कधी म्हटलं नाही. बाई चपला घालू लागल्या की ते फक्त विचारायचे, “किती वेळ?” आणि बाई चपला काढायच्या.

मुलांना घरात घ्यायचीही सोय नव्हती. हे औषध घेताना अंगात सर्दी-तापाला तोंड द्यायची ताकद राहत नाही, माणसांची वर्दळ नको, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. म्हणून बाईंची शिकवणी खिडकीत आली होती. घर तळमजल्याचं, पुढच्या खोलीची खिडकी थेट गल्लीवर. खिडकीला उभे गज. शाळा सुटली की पोरं खिडकीखालच्या कट्ट्यावर गुडघे टेकून उभी राहायची, वह्या गजांतून आत यायच्या, तपासून बाहेर जायच्या. आत खुर्चीत बाई, बाहेर वर्ग. बाईंना दिवसातला तेवढाच वेळ आपण कुठेतरी गेल्यासारखं वाटायचं.

त्या पोरांत एक मुलगी होती. काहीही सांगितलं की तिचा पहिला शब्द ‘पण’. म्हणून बाईंनी तिचं नावच पणपण ठेवलं होतं.

“बाई, पण थर्माकोल गरम असतं का?” तिनं एकदा विचारलं होतं. तिच्या हातात होडी करायला नेलेला जुना डबा होता. “मी आत हात घालून झाकण लावलं, तर हात गरम झाला.”

“डबा गरम नाही गं. तुझ्याच हाताची ऊब ती.”

“पण मग डब्यानं काय केलं?”

“डब्यानं काहीच दिलं नाही,” बाई म्हणाल्या. “त्यानं फक्त जाऊ दिलं नाही.”

बोलून झाल्यावर बाईंनी मागे वळून घराकडे पाहिलं. पोरं वाट पाहत राहिली. मग त्यांनी पुढचं गणित घातलं.

गल्लीवरची ती खिडकी आणि पुढचं दार सोडलं तर आता घरात झाकायचं काही उरलं नव्हतं. फोरमन त्या खिडकीकडे बघायला लागले तेव्हापासून बाई आपली खुर्ची तिच्यासमोरून हलवत नव्हत्या. एका सकाळी ते टेप घेऊन आले आणि गजांची मापं घेऊ लागले.

“अहो, ही नको,” बाई म्हणाल्या.

“सगळी ऊब इथूनच जाते. बाकीचं केलेलं फुकट आहे बघ, ही उघडी असली तर.”

“मग मुलं?”

“मुलांना काय, शाळा आहे की.”

“आणि मला?”

फोरमननी टेप गुंडाळली. त्यांचा चेहरा पडला. “अगं, मी काय हौस म्हणून करतोय का? रात्रंदिवस हाडं ठणकतात माझी.”

हे खरं होतं, आणि तीच तर पंचाईत होती. भांडायला समोर दुष्ट माणूस असता तर बाईंनी जिंकलं असतं. समोर दुखणारा माणूस होता. बाई म्हणाल्या, “बघा मग तुमचं,” आणि उठून भांडी घासायला गेल्या. आधीच घासलेली.

खिडकीचं पॅनेल तयार होऊन भिंतीला टेकून उभं राहिलं. फक्त एका कोपऱ्यात खिंडार होतं, एका झाकणाएवढं. ही खिडकी आणि पुढचं दार, दोन्हींचे पाट कापण्यात घरातले सगळे डबे संपले होते. या आठवड्याचं औषध येईल, त्याचं झाकण तिथे बसेल, की खिडकी बंद. मधल्या दिवसांत फोरमननी हातासरशी पुढचं दारही करून घेतलं. दाराला आतून तो थर्माकोलचा जाड पाट चिकटवला, कडेनं रबर लावलं. आतली कडी पाटाच्या आड येत होती, ती काढून टाकली. बाहेरच्या बाजूनं, शीतगृहाच्या दाराला असतो तसा, आपोआप बसणारा खटका लावला. घराबाहेरच्या बोळात उभं राहून त्यांनी तो कितीदा तरी लावून-उघडून पाहिला. प्रत्येक वेळी दार ‘ठप्प’ असा भरदार आवाज करून बसायचं, आणि फोरमनच्या चेहऱ्यावर नोकरीच्या दिवसांतला रुबाब यायचा.

औषधाचा दिवस उजाडला. फोरमनची बोटं सकाळपासून आखडली होती. दुपारी ते आत आले आणि मोठ्या ऐटीत त्यांनी दार ओढून घेतलं.

ठप्प.

“ऐकलंस? मुंगी शिरायची नाही.”

बाईंनी मान हलवली. त्यांचं लक्ष खिडकीकडे होतं. शाळा सुटायला थोडाच वेळ होता. आजचा वर्ग झाला की उद्यापासून पोरांना काय सांगायचं, हे त्या सकाळपासून जुळवत होत्या आणि जुळत नव्हतं.

तेवढ्यात घंटी वाजली. थर्माकोलमधून ती अशी आली, जणू शेजारच्या इमारतीत कुणाकडे तरी पाहुणे आलेत.

“आला, आला!” फोरमन म्हणाले. “उघड.”

बाई दाराशी गेल्या आणि थांबल्या. समोर नुसता पांढरा पाट होता. कडी नाही, मूठ नाही, बोट घालायला खाच नाही. त्यांनी दोन्ही हातांनी ढकलून पाहिलं.

“अहो, हे उघडायचं कुठून?”

“काय उघडायचं कुठून! तिथे...” फोरमन पुढे आले. त्यांनी पाटावरून तळहात फिरवला. वरून खाली, खालून वर. मग हात तसाच राहिला.

“जरा अडकलंय,” ते म्हणाले.

“कुठे अडकलंय?”

“सुटेल. तू गडबड करू नकोस.”

पुन्हा घंटी वाजली. बाईंनी दारावर थापा मारल्या, हाका मारल्या. थर्माकोलनं त्या सगळ्या गिळल्या. पलीकडून कुणीतरी काहीतरी बोललं, ते उशीत तोंड खुपसून बोलल्यासारखं आलं. मग पावलं दूर गेली.

बाई धावत खिडकीशी गेल्या. औषधवाला इमारतीच्या फाटकातून डबा काखेत मारून परत निघाला होता.

“अरे ए! इकडे, खिडकीत!”

तो वळला. “घरात आहात होय? मग दार का उघडत नाही, मावशी?”

“उघडत नाहीये म्हणून!”

“काय?”

“दारच उघडत नाहीये. इथून दे औषध.”

औषधवाल्यानं गजांकडे पाहिलं, मग डब्याकडे. “हे कसं जाणार? आणि आम्हाला दारातच द्यायचं असतं. खिडकीतून चालत नाही. मी परत नेतो, दार दुरुस्त झालं की फोन करा, पुढच्या फेरीत आणतो.”

“आणि तोवर ह्यांनी काय करायचं? बोटं बघ त्यांची. अहो, दाखवा हो बोटं.”

फोरमन दाराजवळून हलले नाहीत. पाठ करूनच त्यांनी एक हात उंच धरला. औषधवाल्याला तेवढं पुरलं.

“बरं बरं. पण डबा जायचा नाही.”

“डबा नकोय,” बाई म्हणाल्या. “पट्टी फाड, झाकण काढ, औषधाचं पाकीट तेवढं दे.”

“डबा नको कसं?” फोरमन गर्रकन वळले. “अगं, डबा हवाय! झाकण तरी! झाकण उभं धरलं की येईल गजांतून, मी माप घेतलंय!”

पाकीट गजांतून आत आलं. गार होतं. बाईंनी ते पदरात धरलं आणि औषधवाल्याच्या फोनवर गजांतून बोट काढून सही केली. सही कोंबडीनं पाय उमटवल्यासारखी झाली. “चालेल,” तो म्हणाला आणि रिकामा डबा कट्ट्यावर ठेवून, वर झाकण ठेवून, स्कूटरवर बसून गेला.

आता कट्ट्यावर डबा होता, आणि गल्लीच्या टोकाकडून पोरांचा गलका येत होता.

“ते झाकण घे आत,” फोरमन म्हणाले. “हात बाहेर काढ, येईल तुझ्या हाताला.”

बाईंनी हात बाहेर काढला. झाकण हाताशी आलं. हलकं, वजन नसल्यासारखं. आडवं धरलेलं ते गजांना अडलं. उभं केलं असतं तर सुळकन आत आलं असतं. आणि मग दिवाणखान्यात दिवा लावून बसायचं, भरदुपारी. बाईंना श्वास पुरेना. गजांच्या अलीकडे दार बंद, भिंती बंद, आणि त्यांच्या हातात उरलेलं शेवटचं छिद्र बुजवायचं झाकण.

“बाई! बाई! आज लवकर बसलात?” पोरं कट्ट्यावर चढलीसुद्धा. पणपण सगळ्यांत पुढे.

“हे धर गं,” बाई म्हणाल्या आणि झाकण तिच्याकडे केलं. “आणि तो डबाही. तुमच्या होडीला घ्या.”

“खरंच? पण काका रागावतील.”

“रागावू देत.”

आतून फोरमन म्हणाले, “अगं, काय करतेस! तेवढंच हवं होतं ना!”

बाई वळल्या. आवाज चढवला नाही. वर्गात फार गोंगाट झाला की त्या आवाज उतरवायच्या, तसाच आता उतरला.

“ही खिडकी बंद होणार नाही. सगळं घर घ्या. ही नाही. मला गुदमरायला होतं हो.”

फोरमननी पॅनेलच्या खिंडाराकडे पाहिलं.

“आता ते दाराचं सांगा,” बाई म्हणाल्या. “काय अडकलंय?”

फोरमन दारापासून हळूहळू खुर्चीपर्यंत आले. मग खुर्चीचा आधार घेऊन बसले.

“काही अडकलं नाहीये. खटक्याची दांडी बाहेर आहे.”

“बाहेर? बोळात?”

“शीतगृहात नियम असतो. सुटकेची दांडी थंडीच्या बाजूला लावायची. माणूस कोंडला तर थंडीत कोंडतो, म्हणून. आमच्याकडे एकदा एक हमाल कोंडला होता, तेव्हापासून रोज सकाळी मी स्वतः एकेक दांडी ओढून बघायचो. एक दिवस चुकवला नाही.” त्यांनी आखडलेल्या बोटांकडे पाहिलं. “इथे थंडी बाहेर. मग लावली बाहेर. आत दांडी आणायची तर पाटाला भोक पडतं, ऊब गळते. मला वाटलं, नियमाप्रमाणे बरोबर आहे.”

“म्हणजे चोराला आत येता येईल,” बाई हळूच म्हणाल्या, “आणि आपल्याला बाहेर जाता येणार नाही.”

फोरमनच्या मिशीखाली काहीतरी हललं. हसू होतं की रडू, ते त्यांनाही कळलं नसावं. “तू शिकवायचीस ना पोरांना, नियम पाठ करू नका म्हणून,” ते म्हणाले.

“बाई,” खिडकीतून पणपण म्हणाली. सगळा वर्ग गजांना नाक लावून ऐकत होता. “पण थंडी कुठे आहे ते कशाला बघायचं? माणूस कुठे आहे ते बघायचं ना?”

फोरमननी खिडकीकडे मान वळवली. मग फोरमन म्हणाले, “जा गं पोरी. बोळात जा. दाराच्या मधोमध लोखंडी दांडी आहे, ती आपल्याकडे ओढ. जोरात. आणि आत यायचं नाही हं कुणी.”

पोरं खिंड लढवायला जावीत तशी धावली. पाटामागे खुडबुड झाली, आणि दार फटकन उघडलं. बोळातली थंड हवा आत आली. फोरमननी मान खांद्यात ओढून घेतली, पण ‘लाव’ म्हणाले नाहीत.

बाईंनी त्यांना औषध टोचलं. मग फोरमन उठून गिरमिट घेऊन आले. पाटाला भोक पाडायला त्यांना वेळ लागला. बोटं ऐकत नव्हती, आणि बाईंनी मदत करू म्हटलं तर मान हलवायचे. पांढरा भुसा त्यांच्या सदऱ्यावर, मिशांवर बसला. शेवटी बाहेरच्या दांडीपर्यंत पोचणारी सळई आरपार गेली. आतल्या टोकाला त्यांनी लाकडी मूठ बसवली.

“आता तू बोळात उभी राहा,” ते म्हणाले. “मी आतून दार लावतो. मग मूठ दाबून उघडतो. नाही उघडलं तर तू बाहेरून ओढ.”

“असं का?”

“असंच असतं. एक आत, एक बाहेर. तशाशिवाय दांडी पास करायची नाही.”

बाई चपला घालून बोळात गेल्या. फोरमननी या वेळी ‘किती वेळ?’ विचारलं नाही. दार त्यांच्या तोंडासमोर ठप्प बसलं.

बोळात बाई एकट्या होत्या. आत फोरमन मूठ चाचपत असणार. ऐकू काहीच येत नव्हतं. बाहेर मात्र सगळं ऐकू येत होतं. वर शिंपीणकाकूंचं मशीन चाललं होतं, कुणाच्या तरी घरी भांडं पडलं, फाटकाशी पोरं डब्यात कोण आधी बसणार यावरून हमरीतुमरीवर आली होती. आणि शेजारच्यांचं भांडण! ते तर अजून चालूच होतं, आणि बरंच पुढे गेलेलं दिसत होतं.

खुट्ट झालं. दांडी इकडच्या बाजूला बोटभर पुढे आली. दार उघडलं. फटीतून फोरमनचं नाक दिसलं.

“चाललं!”

“छान. लावून घ्या आता, हवा लागतेय तुम्हाला.”

“आणि तू?”

बाईंनी फाटकाकडे पाहिलं. “मुलं खोळंबली आहेत. आज बाहेरच बसते कट्ट्यावर.”

फोरमन दाराची मूठ धरून उभे राहिले. एकदा त्यांनी बोळाकडे पाहिलं, एकदा मागे खोलीकडे. मग दार हळूच, आवाज न करता ओढून घेतलं.

गल्लीत ऊन उतरत होतं. बाई कट्ट्यावर बसल्या. गजांच्या या बाजूला त्या कितीतरी दिवसांनी आल्या होत्या. पोरांना बाईंचे पाय पहिल्यांदाच दिसले, त्याचं त्यांना फार हसू आलं. “बाईंना पाय आहेत!” कुणीतरी ओरडलं. बाईंनी त्याचा कान धरला आणि वही उघडायला सांगितली.

थोड्या वेळानं पाठीमागे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. फोरमन खिडकीत बसले होते. अंगावर शाल, कानाला मफलर, दोन्ही हात गजांवर. पोरं वाकून त्यांच्याकडे बघत होती, ते पोरांकडे.

“किती वेळ?” शेवटी त्यांनी विचारलं.

बाईंनी मागे वळून पाहिलं. पायांना उठायची सवय झालेली होती, त्या अर्ध्या उठल्यासुद्धा. मग पुन्हा बसल्या.

“एवढं गणित होऊ दे,” त्या म्हणाल्या. “मग बघू.”